काळ्या कोंबड्यांची पांढरी पिल्लं

दादांच्या अंगाला कोंबड्यांचा वास यायचा. आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून ते जेवायला बसले तरी तो वास त्यांच्याबरोबर पाटावर येऊन बसायचा. भिजवलेल्या कण्यांचा, उबेचा आणि थोडा चुन्याचा, कारण मुन्सफसाहेबांच्या बंगल्यातल्या खुराड्याला ते आतून सारखा चुना मारत. मला त्या वासाची लाज वाटायची. कयाधूवर धुणं घेऊन गेलं की शेजारच्या पोरी नाक मुरडत आणि मी दादांचा सदरा मायच्या लुगड्याखाली दडवून सगळ्यात शेवटी काढायची. माय ते बघायची. सदरा ती इतका आपटायची की पलीकडच्या काठाला आवाज जायचा.

आमचं मूळ गाव सेनगावाकडचं. जमीन थोरल्या चुलत्यांच्या हाताखाली होती आणि दादांचं मन बैल-नांगरात कधी लागलं नाही. आमच्यात कोंबड्या पाळायच्या त्या बायकांनी, परसात, चार-दोन. गडीमाणसानं त्यांच्यापाठी हिंडणं म्हणजे हसू. दादा लहानपणापासून हिंडायचे. कोणाची कोंबडी खुडूक बसली, कोणाचं पिल्लू अंड्यात अडकलं की बायका त्यांनाच हाक मारत. चुलत्यांना ते खपायचं नाही. एक दिवस भावकीत बसून ते म्हणाले की गड्यानं बैलाची निगा करावी, कोंबडीची केली तर लोक बांगड्या आणून देतील. त्या वर्षी दादांनी आम्हाला घेऊन हिंगोली गाठली. तिथं जुन्या छावणीच्या बाजूला मुन्सफसाहेबांचा बंगला होता आणि साहेबांना नेमका असाच माणूस हवा होता.

मुन्सफसाहेब हैदराबादकडचे कायस्थ. निजामाच्या कचेरीत न्यायनिवाड्याचं काम करायचे, घरात उर्दू बोलायचे आणि शिकारीपेक्षा, पत्त्यांपेक्षा, कशाहीपेक्षा त्यांना कोंबड्यांचा नाद होता. हैदराबादच्या कोण्या नवाबाघरून त्यांनी एक जोडी आणली होती. तशी कोंबडी आमच्या मुलखात कोणी पाहिली नव्हती. तिला पिसं म्हणावीत तर पिसं नव्हती. पिंजाऱ्यानं कापूस पिंजून अंगावर टाकावा तसा तो पिंजलेला, मऊ, काळा कुळकुळीत गोळा. डोक्यावर तसाच झुबका, पायालाही केस. पिसं फुंकून बाजूला केली तर खाली कातडी काळी, चोच काळी, आणि आपल्या कोंबड्यांना चार बोटं असतात तिथं हिला पाच. साहेब तिला ‘रेशमी’ म्हणत. मागच्या वर्षी माझ्या नातीनं मोबाइलवर तशाच कोंबडीचं चित्र दाखवलं. आता ‘सिल्की’ म्हणतात आणि हौशी लोक शहरात गच्चीवरही पाळतात, असं ती म्हणाली. मी चष्मा पुसून बराच वेळ बघत राहिले. ती विचारत होती, आजी, काय झालं? मी काही नाही म्हणाले.

दादांचं त्या जोडीवर लेकरासारखं प्रेम बसलं. दुपारी मी त्यांची भाकरी घेऊन जायची. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, वरून करडईच्या तेलाची धार आणि कांदा. ते खुराड्याच्या जाळीला पाठ लावून जेवायचे आणि भाकरीचा शेवटचा चतकोर कुस्करून आत टाकायचे. कोंबडा ‘कुक् कुक्’ करून कोंबडीला बोलवायचा आणि स्वतः न खाता बाजूला उभा राहायचा. दादा म्हणायचे, बघ, केवढा रीतीचा आहे. अंडी उबवायला त्यांनी एक गावठी लाल कोंबडीही ठेवली होती. ती एकदा त्या रेशमी कोंबड्यापासून पिल्लं काढून बसली होती. ती पिल्लं मोठी झाली तेव्हा रंगानं काळपट, पायाला पाच बोटं, पण पिसं सगळी आपल्या कोंबडीसारखी कडक. कापूस कुठंच नव्हता. साहेबांनी ती स्वयंपाकघरात पाठवली आणि अस्सल नस्ल, म्हणजे वाण, बिघडता कामा नये म्हणून लाल कोंबडीला वेगळं डालं करायला लावलं. तेव्हापासून दादा रेशमी जोडीच्या जवळ चिमणी सुद्धा येऊ देत नसत.

मग रेशमी कोंबडी स्वतः अंड्यांवर बसली. पिल्लं निघायच्या दिवशी साहेबांनी पाहुणे बोलावले होते. परभणीहून कोणी मोठे अंमलदार आले होते, दोघे वकील होते. ओसरीत खुर्च्या मांडल्या होत्या, खिमा आणि पराठ्यांचा वास सुटला होता. मी भाकरी घेऊन आले होते आणि रातराणीच्या झाडाआड थांबले होते. दादांनी कोंबडी अलगद उचलली. खाली पिल्लं. काजळाच्या गोळ्या पसराव्या तशी काळी, आणि त्यांच्यात एक फिकट पिवळं.

एक वकील खाली वाकून बघून हसला. म्हणाला, “मुन्सफसाब, आप के घर में बाहर का भी कोई आता-जाता है क्या?”

सगळे हसले. साहेबांचा चेहरा मी तिथून पाहिला. हसणं त्यांच्या ओठांवर यायला निघालं आणि अर्ध्यात थांबलं. आज वाटतं, त्या क्षणी त्यांनाही लाजच वाटली असणार. आणि मोठ्या माणसाची लाज स्वतःकडे ठेवायची नसते, ती कोणाच्या तरी अंगावर टाकायची असते. त्यांनी दादांना विचारलं की बाहेरचा कोंबडा आत कसा आला. दादा म्हणाले, आला न्हाई हुजूर, जाळी बराबर आहे. मग साहेबांनी विचारलं की अंडी बदलली का, माझी अंडी बाजारात विकून गावठी घातली का. दादांनी नुसती नाही म्हणून मान हलवली. पाहुणे पराठ्याचे तुकडे मोडत होते. साहेब म्हणाले, ते पिवळं माझ्यासमोरून ने आणि फेकून दे. आणि चपराशाला, रहीमखानाला, हुकूम दिला की आजपासून हा माणूस फाटकाबाहेर जाताना रोज झडती घ्यायची. खुराड्याला कुलूप लागलं. किल्ली साहेबांच्या आईकडे, अम्माजींकडे, त्यांच्या कमरेला. दाणे घालायची वेळ झाली की त्या कुलूप काढत आणि तिथंच उभ्या राहत.

दादांनी ते पिल्लू फेकलं नाही. पटक्याच्या शेवात गुंडाळून घरी आणलं आणि मायच्या हातात दिलं. माय चुलीपुढं होती. तिनं पिल्लू उजेडात धरलं, पाय बघितले, म्हणाली, बोटं पाच आहेत. दादा म्हणाले, मिसळीच्या पिल्लालाबी पाचच होती, त्यावरून काही ठरत न्हाई. मग ते भिंतीकडं तोंड करून निजले. जेवले नाहीत.

झडती रोज दिवेलागणीच्या आधी व्हायची. बंगल्याचं फाटक रस्त्यावर होतं आणि त्याच वेळेला बाजारातून लोक परतायचे. गाड्या, बाया, स्टेशनाकडून येणारे हमाल. दादा फाटकात दोन्ही हात वर करून उभे राहत. रहीमखान सदरा चाचपायचा, धोतराचा सोगा सोडायला लावायचा, पटका उलगडायला लावायचा. तो वाईट माणूस नव्हता. रस्त्याकडं पाठ करून तो मधे उभा राहायचा, जेणेकरून लोकांना कमी दिसावं. पण पटका उलगडलेला माणूस केवढाही आडोसा केला तरी दिसतोच. आठवड्याभरात पोरं आमच्या दारावरून जाताना कोंबडीसारखी ओरडू लागली. नदीवर एका बाईनं मायला विचारलं की अंडी कशी दिली. मी भाकरी घेऊन जाणं टाळायला पोट दुखतं म्हणून सांगायची आणि माय स्वतः टोपली उचलायची.

दादांनी काम सोडलं नाही. माय त्यांना म्हणायची, गावाकडं जाऊ, भावाच्या बांधावर राबू. ते म्हणायचे, बघू. मला तेव्हा कळत नव्हतं की हा माणूस रोज रोज तिथं का जातो. मला त्यांचा राग यायचा आणि रागापेक्षा लाज जास्त यायची. ते संध्याकाळी येताना दिसले की मी आत जायची.

इकडे ते पिल्लू मायच्या गावठी कोंबडीखाली वाढत होतं. पिवळेपणा जाऊन पांढरं झालं. मग पंखांवर पिसं फुटायची वेळ आली. माय रोज उचलून बघायची. कडक काडी काही येईना. जे यायचं ते मऊ, विस्कटलेलं, शेवरीच्या कापसासारखं. पुढं सगळं अंगच तसं झालं. शुभ्र पांढरा गोळा, आणि फुंकर मारली की खाली काळी कातडी. दादांनी एका सकाळी ते हातात घेतलं आणि खाली बसले. मायला म्हणाले, “बाहेरचा कोंबडा असता तर कापूस आला नसता. हे त्या दोघांचंच लेकरू आहे.”

माय म्हणाली, मग चला, दाखवू. दादा घाबरले. साहेब म्हणतील की चोरून आणलं, असं ते म्हणाले. आणि खरंच, लोक तेच म्हणू लागले होते. कोंबडी मोठी झाली, अंगणात हिंडू लागली, कोणीतरी पाहिली आणि बोभाटा झाला की मुन्सफाची रेशमी कोंबडी किसनच्या, म्हणजे दादांच्या, घरात आहे. जी गोष्ट दादा निर्दोष असल्याची खूण होती तीच बघणाऱ्याला चोरीचा माल दिसत होती. दादा तिला दिवसभर डाल्याखाली झाकून ठेवायला सांगत.

माय झाकून ठेवणारी नव्हती. एक दिवस दादा कामावर गेल्यावर तिनं नेसूचं धुतलेलं लुगडं नेसलं, कोंबडी टोपलीत घातली, वर फडकं बांधलं आणि मला म्हणाली, चल. मला जायचं नव्हतं. रस्त्यानं लोक बघत होते आणि टोपलीतून कोंबडी आवाज करत होती. मायनं फडकं सोडून टाकलं. उघडी टोपली डोक्यावर घेऊन ती भर रस्त्यानं चालली. फाटकातून दादांनी आम्हाला येताना पाहिलं आणि ते धावत आले. हात जोडून म्हणाले, “परत फिर. माझं ऐक.” माय त्यांना वळसा घालून आत गेली. रहीमखानानं अडवलं नाही.

अम्माजी ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. म्हाताऱ्या, पांढऱ्या साडीतल्या, अंडंसुद्धा न खाणाऱ्या. मायनं टोपली त्यांच्यापुढं ठेवली आणि सगळं सांगितलं. तिला हिंदी नीट येत नव्हती, तिनं आमच्याच भाषेत सांगितलं. साहेबांनी फेकलेलं पिल्लू ते हेच, माझ्या मालकानं जीव घेतला न्हाई म्हणून वाचलं, आता तुमीच बघा. गलका ऐकून साहेब बाहेर आले. त्यांनी कोंबडी उचलली. मला वाटलं आता ओरडतील. पण त्यांचा चेहरा एकदम लहान मुलासारखा झाला. त्यांनी पिसांत फुंकर मारली, कातडी पाहिली, बोटं मोजली. “या अल्ला, हे राम,” असं काहीतरी पुटपुटले, दोन्ही देवांची नावं त्यांच्या घरात चालत. मग भानावर येऊन म्हणाले की हे तेच पिल्लू कशावरून?

माय म्हणाली, “दुसरीकडून आणायला अशी कोंबडी अख्ख्या हिंगोलीत हाय कुठं, सरकार?”

रहीमखान फाटकावरून म्हणाला की पिवळं पिल्लू किसन घेऊन गेला ते मी पाहिलं होतं. तेव्हा अम्माजींनी तांदळाचं सूप खाली ठेवलं. काळी कोंबडी पुन्हा अंड्यांवर बसली होती. कुलूप लागल्यावर घातलेली अंडी, आणि किल्ली त्यांच्या कमरेला. त्या आपल्या मुलाला, साहेबांना, म्हणाल्या, “ये अंडे फूटने दो. फिर बोलना.”

ती अंडी फुटली त्या दिवशी मी भाकरी घेऊन गेले होते. पोटदुखी सांगितली नव्हती. अम्माजींनी स्वतः कुलूप काढलं. दादा आत गेलेच नाहीत, बाहेर उभे राहिले. साहेबांनी कोंबडी उचलली. काळी पिल्लं होती, आणि या वेळी पिवळी एक नव्हे, दोन.

साहेब मोठ्यानं हसले. खरोखर आनंदानं. जोडीच्या आजा-पणज्यात कोणी पांढरं असणार, ते दोघांच्याही रक्तात दडून आलं, नवाबाला लिहून विचारतो, असं ते अम्माजींना सांगत होते. त्याच संध्याकाळी त्यांनी वकिलांना बोलावलं आणि पांढरी कोंबडी मांडीवर घेऊन दाखवली. दादांना पुढं बोलावून म्हणाले, हा आमचा किसन, यानं ही वाढवली. दादांनी वाकून सलाम केला. सलाम करताना ते हसत होते. झडतीबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. फाटकात रहीमखानानं झडती न घेता त्यांना नुसतं हातानं जा म्हणून सांगितलं, एवढाच काय तो निवाडा.

माय दुसऱ्या दिवशी अम्माजींकडे गेली होती. दादा चोर नव्हते हे साहेबांनी फाटकात उभं राहून बोलावं, चार माणसं जातात त्या वेळेला, असं तिचं मागणं होतं. अम्माजी म्हणाल्या, झालं ना आता बेटी, जाऊ दे. आणि एक खणाचं कापड पुढं केलं. मायनं ते घेतलं नाही. त्यानंतर ती त्या बंगल्याच्या रस्त्यानं कधी गेली नाही. बाजाराला जायचं तरी नदीकडून लांबचा फेरा घ्यायची.

मी मात्र वकील आले होते त्या संध्याकाळी दादांच्या मागं चालत घरी येत होते. दोन हात अंतर ठेवून. त्यांचा तो वाकलेला सलाम माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. पटका उलगडताना पाहिलं होतं त्यापेक्षा मला त्याची जास्त लाज वाटत होती. शेवटी मी विचारलं, “दादा, तुमी सलाम काहून केला?”

त्यांनी चालता चालता पटका सारखा केला. मग म्हणाले, “मंग काय करू, बाई? रुसून घरी बसलो तर सकाळी त्यांना दाणे कोण घालंल?”

पुढची काही वर्षं दादा त्या कोंबड्यांतच होते आणि आता त्यांना रंगांचं वेड लागलं. साहेब मोकळीक देत. पांढऱ्या कोंबडीला तिच्याच काळ्या बापाशी जोडलं तर पिल्लं जवळजवळ निम्मी काळी, निम्मी पांढरी. त्यातला पांढरा नर आणि पांढरी मादी एकत्र ठेवली तर पांढरीच, एकही काळं नाही. काळ्यांचं मात्र सांगता यायचं नाही. काही काळ्यांच्या पोटी पांढरं निघायचं, काहींच्या कधीच नाही. जेवताना दादा हे मायला सांगायचे. ती भाकरी थापत ‘व्हय, व्हय’ करायची. पुढं साहेबांची बदली झाली. कोंबड्या डाल्यांत घालून आगगाडीत चढवायला दादा स्टेशनावर गेले होते. गाडी सुटल्यावर बराच वेळ ते फलाटावर उभे होते, असं हमालांनी सांगितलं. मग ते अडत्याकडे कापसाच्या गाठी उचलायला लागले. अंगाचा वास गेला. नाव गेलं नाही. झडती रस्त्यावर झाली होती आणि सुटका ओसरीवर, त्यामुळे गावाला पहिली गोष्ट ठाऊक होती आणि दुसरी कधी कळलीच नाही.

माझं लग्न पुसेगावकडे ठरलं. मांडव आमच्याच दारात. व्याह्यांच्या पंगतीला तूप माय स्वतः वाढत होती. मी आत, दाराशी, मुंडावळ्या बांधून बसले होते, पंगत तिथून दोन पावलांवर. सासऱ्यांचे थोरले भाऊ तोंडाचे फटकळ. जेवता जेवता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “व्याही, ते मुन्सफाच्या कोंबड्यावाले ते तुमीच का?” पंगतीत कोणी खाली मान घालून हसलं. दादा हात जोडून हसले. मला जमिनीत जावंसं वाटलं.

मायनं तुपाचं भांडं खाली टेकवलं आणि उभ्यानं सगळं सांगितलं. पिवळं पिल्लू, झडती, कुलूप, अम्माजींच्या कमरेची किल्ली, दोन पांढरी पिल्लं. आवाज चढवला नाही, काही वगळलं नाही, पटका उलगडायला लावायचे तेसुद्धा. मी मनातल्या मनात म्हणत होते, माय, गप बस. पंगत जेवायची थांबली होती. ते म्हातारे गृहस्थ ऐकत राहिले आणि मग दादांकडे वळून त्यांनी विचारलं, “पण काळ्याला पांढरं होतं कसं?”

दादांचे जोडलेले हात सुटले. ते खाली बसले आणि सांगू लागले. काळे आणि पांढरे चिंचोके नव्हते म्हणून त्यांनी पानावरचे भाताचे दाणे आणि कोळशाचे खडे मांडले. कोणत्या काळ्यात पांढरं दडलेलं असतं, ते कधी बाहेर येतं, कधी येत नाही, दोन पांढरी जोडली की का चुकत नाही. मांडवात इतकी माणसं त्यांचं बोलणं ऐकताना मी तोवर पाहिली नव्हती. वाढपी सुद्धा भात घेऊन उभे राहिले.

सगळं ऐकून म्हातारे म्हणाले, “मंग तो मुन्सफ येडाच म्हणायचा.”

“न्हाई, न्हाई,” दादा घाईनं म्हणाले, “साहेब माणूस लई चांगले होते.”

मायनं त्यांच्याकडे एकदा पाहिलं. मग तुपाचं भांडं उचललं आणि ती पुढच्या पानाकडे गेली.